खुनी सापडला, पण ‘का’चं काय? रहस्यपटांत राहून गेलेले प्रश्न

मागची रांग (धागाकर्ता)

इशारा: खाली बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडलेले आहेत. ज्यांना ‘व्हर्टिगो’, ‘अंधाधुन’, ‘बर्निंग’, ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ कोऱ्या पाटीने बघायचे असतील त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर ओरडू नये.

रहस्यपट संपला की दोन जातींचे प्रश्न उरतात. एक ‘कसं’चे: तो बंद खोलीतून निसटला कसा, पत्र तिच्या हाती पडलं कसं. दुसरे ‘का’चे: तिने हे केलंच का, सगळं माहीत असून तो गप्प का बसला. ‘कसं’ राहून गेलं की आपण पटकथेतली भोकं मोजतो. ‘का’ राहून गेलं की “वा, काय गूढ पात्र आहे” म्हणत माना डोलावतो. मला नेमकं उलट वाटतं. ‘कसं’वाचून सिनेमाचं फारसं अडत नाही. ‘का’वाचून अडतंच, आणि जिथे अडत नाही तिथे ते ‘का’ बारकाईने बघितलं तर कुठे ना कुठे ठेवलेलं सापडतं.

हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) घ्या. पहिल्याच प्रसंगात पोलीस गुप्तहेर स्कॉटी छपराच्या पन्हळीला लटकतोय. त्याला हात द्यायला वाकलेला पोलीस खाली कोसळून मरतो. पुढच्या दृश्यात स्कॉटी मैत्रिणीच्या घरी काठी घेऊन गप्पा मारत बसलाय. त्याला तिथून उतरवलं कोणी? सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. पुढे तो एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून त्याच्या बायकोचा, मॅडलिनचा, पाठलाग करत एका जुन्या हॉटेलपाशी येतो. ती वरच्या खिडकीत दिसते. तो आत जातो तर मालकीणबाई रबराच्या रोपट्याच्या पानांना ऑलिव्ह तेल लावत बसल्यात आणि म्हणतात, त्या तर आज आल्याच नाहीत. वर जाऊन बघितलं तर खोली रिकामी, खाली गाडीही नाही. ती गेली कुठून? याचंही उत्तर नाही. हिचकॉक अशा जागांना ‘आइसबॉक्स’ म्हणायचा. प्रेक्षक घरी जाऊन फ्रीजमधली थंडगार कोंबडी काढत असतो, तेव्हा त्याला तो प्रश्न पडतो. तोवर त्याला हवा तो परिणाम साधून झालेला असतो.

आता त्याच सिनेमातलं ‘का’ बघा. जूडीने पैसे घेऊन मॅडलिनचं सोंग वठवलं, खऱ्या मॅडलिनच्या खुनात साथ दिली आणि निसटली. नंतर स्कॉटीला ती योगायोगाने सापडते. तो तिला पुन्हा मॅडलिनसारखं सजवतो आणि ती सजवून घेते. इथवर ठीक. पण त्या संध्याकाळी जेवायला बाहेर पडताना ती मॅडलिनच्या पणजीच्या, कार्लोटाच्या, तसबिरीतला तोच हार गळ्यात घालते आणि फासा अडकवायला स्कॉटीलाच बोलावते. आरशात त्याला हार दिसतो आणि खेळ संपतो.

तिने तो हार का घातला? आनंदाच्या भरात भान राहिलं नाही म्हणा. त्या दिवसांची तिला ओढ होती, म्हणून तर हार टाकून न देता जपून ठेवला होता, असं म्हणा. किंवा लपवून लपवून ती थकली होती आणि त्याने स्वतःच ओळखावं असं तिला कुठेतरी वाटत होतं. आठवा, ती कबुलीचं पत्र लिहिते आणि फाडून टाकते. शेवटी मनोऱ्यावर स्कॉटी स्वतःच एक उत्तर देतो: खुनाची आठवण जपायला नको होतीस, इतकं हळवं व्हायला नको होतं. हे त्याचं उत्तर झालं. तेच खरं मानायला आपण बांधील नाही.

प्रत्येक कारणाला आधीचा एकेक प्रसंग आधार देतो आणि एकही कारण दुसऱ्याला पुरतं खोडून काढत नाही. हेतू संदिग्ध असणं म्हणजे हेतूंची टंचाई नव्हे, गर्दी. कारणच दिलं नसेल तर ते पात्र गूढ कसलं, अर्धवट लिहिलेलं.

यावर बोला. उदाहरणं तर द्याच, पण माझ्या म्हणण्याला छेद देणारी असतील तर आधी ती द्या.

---

खिडकीपाशी

‘कसं’ राहिलं तरी चालतं याचा सगळ्यात दणदणीत पुरावा म्हणजे ‘द बिग स्लीप’ (१९४६). स्टर्नवुड कुटुंबाचा ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात सापडतो. त्याला कोणी मारलं, की त्याने स्वतःच गाडी पाण्यात घातली? सिनेमा बनत असताना यावरून डोकेफोड झाली तेव्हा मूळ कादंबरीच्या लेखकाला, रेमंड चँडलरला, तार करून विचारलं. त्याने कळवलं, मलाही माहीत नाही. हे चँडलरने स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय, त्यामुळे दंतकथा म्हणून उडवून लावता येत नाही. पटकथेवर विल्यम फॉकनरसारखा माणूस बसला होता, तरी ड्रायव्हर बेवारसच राहिला.

---

भोचक

लेखकालाच पत्ता नाही आणि आपण इथे धागे काढतोय. मजा आहे.

मला हे ‘प्रेक्षकाने आपापला अर्थ लावावा’ प्रकरण मुळातच पटत नाही. रहस्यपट म्हणजे करार आहे. तुम्ही मला दोन तास ताटकळत ठेवणार, बदल्यात शेवटी उत्तर देणार. एकाने आपली बाजू पाळली नाही तर त्याला आपण कलावंत का म्हणायचं? त्यात हल्ली मालिकावाल्यांची वेगळीच तऱ्हा. शेवटच्या भागात तीन प्रश्न लोंबकळत ठेवायचे आणि त्याला संदिग्धता म्हणायचं. ती संदिग्धता नाही हो, पुढच्या सीझनची उधारी आहे.

---

निवांत

‘पुढच्या सीझनची उधारी’ला +१. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रिकामी रिळं

संकलनाच्या टेबलावर बसणारी म्हणून दोन शब्द.

‘द बिग स्लीप’ची खरी गंमत ड्रायव्हरच्या पुढे आहे. या सिनेमाची आधी एक आवृत्ती तयार झाली होती, १९४५ मध्ये ती परदेशातल्या सैनिकांना दाखवलीही गेली. तिच्यात नायक, गुप्तहेर मार्लो, सरकारी वकिलाच्या कचेरीत बसून आतापर्यंत काय काय झालं ते नीट उलगडून सांगतो असा प्रसंग होता. १९४६ च्या आवृत्तीतून तो काढला आणि नायक-नायिका बोगार्ट-बकॉल यांचे नवीन प्रसंग घातले, त्या दोघांचं घोडदौडीच्या आडून चाललेलं खट्याळ बोलणं त्यातलंच. म्हणजे समजावणारा भाग काढून टाकून त्या जागी दोन माणसांमधली ओढ भरली. कथानक आणखी गुंतलं आणि लोकांनी तीच आवृत्ती डोक्यावर घेतली.

टेबलावर हे नेहमी घडतं. लांबी कमी करायची वेळ आली की पहिली कात्री ‘समजावून सांगणाऱ्या’ संवादांवर चालते, कारण तिथे गती बसते. त्यामुळे तुम्हाला जी भोकं दिसतात त्यातली कितीतरी लिहिताना नव्हती, आम्ही पाडलेली असतात. नट मात्र ते कापलेले प्रसंग करून बसलेला असतो, त्याच्या चेहऱ्यावर त्याचा माग राहतो. प्रेक्षकाला वाटतं, ‘याला काहीतरी माहीत आहे.’ हो, माहीत असतं. ते जमिनीवर पडलेल्या रिळात असतं.

उलटं उदाहरणही आहे. ‘सायको’च्या (१९६०) शेवटी मानसोपचारतज्ज्ञ येऊन लांबलचक खुलासा करतो. तो भाग आज कुणालाही जड वाटतो. पण त्या खुलाशानंतर कॅमेरा खुनी नॉर्मनच्या चेहऱ्यावर जातो, आईचा आवाज ऐकू येतो, आणि तज्ज्ञाने सांगितलेलं सगळं बरोबर असूनही अपुरं वाटायला लागतं. माझ्या मते तो खुलासा मुद्दाम इतका नेटका ठेवलाय.

---

भोचक

@रिकामी रिळं, ताई, म्हणजे गुन्हेगार तुम्हीच. कबुलीबद्दल आभार.

---

उलटतपासणी

न्यायालयात हेतूची किंमत सिनेमापेक्षा वेगळी असते. डोळ्यांनी बघणारा विश्वासार्ह साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला पडत नाही. सगळं परिस्थितिजन्य पुराव्यावर उभं असेल तर मात्र ‘का’ला वजन येतं. रहस्यपटात जवळजवळ नेहमीच दुसरी परिस्थिती असते, म्हणून तिथे हेतू ही साखळीतली कडी ठरते. धागाकर्त्यांचं म्हणणं मला या बाजूने पटतं.

पण ‘राशोमोन’बद्दल (१९५०) कुणी एक गोष्ट सहसा बोलत नाही. जंगलात एका सामुराईचा मृत्यू होतो, त्यावर चार जण चार कहाण्या सांगतात, सत्य सापेक्ष असतं वगैरे आपण पाठ करून ठेवलंय. माझ्या धंद्यातल्या माणसाला तिथे दुसरंच खटकतं. संशयित नेहमी म्हणतो, मी नाही केलं. इथे डाकू म्हणतो मी मारलं, द्वंद्व करून मारलं. बायकोच्या सांगण्याचा रोख असा की खंजीर माझ्या हातात होता, शुद्धीवर आले तेव्हा तो मेलेला होता. मेलेला सामुराई मांत्रिकेच्या तोंडून सांगतो, मीच स्वतःला संपवलं. तिघेही मृत्यू स्वतःकडे ओढून घेतायत! शिक्षा टाळण्यासाठी खोटं बोलणारे पैशाला पासरी भेटतात. हे तिघं आपली प्रतिमा वाचवायला खोटं बोलतायत. आणि लाकूडतोड्या, जो तटस्थ म्हणून शेवटी येतो, त्याच्या साक्षीत तो मोत्याचं काम केलेला खंजीर नेमका गायब. तो कुठे गेला हे कळलं की त्याच्याही साक्षीचं ‘का’ समोर येतं.

कुरोसावाने आत्मचरित्रात सांगितलंय की त्याचे साहाय्यक दिग्दर्शक पटकथा कळत नाही म्हणून त्याच्याकडे आले होते. त्याने त्यांना सांगितलं ते थोडक्यात असं, की माणसाला स्वतःबद्दल स्वतःशीसुद्धा प्रामाणिकपणे बोलता येत नाही, सजवल्याशिवाय राहवत नाही. म्हणजे खून कोणी केला हे भले मोकळं सोडलं असेल, खोटं का बोलतात हे अजिबात मोकळं सोडलेलं नाही.

---

मागची रांग

@उलटतपासणी, ‘तिघेही ओढून घेतायत’ हे आवडलं. हीच ती गर्दी.

आणि ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६, मूळ ‘ट्वेल्व्ह ॲंग्री मेन’, १९५७) यातही तेच. पोराने बापाला मारलं का, हे आपल्याला कधीच कळत नाही. सुटला म्हणजे निर्दोष, असं आपणच धरून चालतो. पण शेवटपर्यंत ‘दोषी’ला चिकटून बसणारा ज्युरीतला पंकज कपूर असं का वागतो, हे त्याच्या मुलाच्या फोटोवरून लख्ख कळतं. घटना अंधारात, माणूस उजेडात.

---

प्रॉम्प्टर

नटांच्या बाजूने एक प्रश्न टाकतो. पात्राने खून केलाय की नाही हे नटाला माहीत असायला हवं का?

‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’च्या (२०२३) वेळी नायिका झांड्रा ह्यूलरने दिग्दर्शिका जस्टिन ट्रिएला विचारलं होतं, नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली ही बाई दोषी आहे का. ट्रिएने उत्तर दिलं नाही, ती निर्दोष असल्यासारखी कर इतकंच सांगितलं. उलट ‘डाउट’ या नाटकाचा लेखक जॉन पॅट्रिक शॅनली फक्त ज्याच्यावर संशय आहे त्या पाद्र्याची भूमिका करणाऱ्या नटाला खरं काय ते सांगायचा, बाकीच्यांना नाही. दोन टोकाच्या पद्धती, आणि दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाचा संशय सारखाच जिवंत राहतो.

मला पहिली पद्धत जास्त अवघड वाटते. ‘निर्दोष असल्यासारखी कर’ ही सूचना खरोखर निर्दोष बाईला लागू पडते आणि खून पचवून बसलेल्या बाईलाही. दोघींचं बाहेरचं वागणं एकच असणार.

---

रिकामी रिळं

@प्रॉम्प्टर, त्या सिनेमात संकलनाने जे केलंय ते तर वर्गात शिकवण्यासारखं आहे.

नवराबायकोच्या आदल्या दिवशीच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण न्यायालयात ऐकवतात. आवाज चालू होतो आणि आपल्याला स्वयंपाकघरातलं भांडण प्रत्यक्ष दिसायला लागतं, शब्द न शब्द. पण भांडण हातघाईवर येतं त्या क्षणी चित्र पुन्हा न्यायालयात येतं. आदळआपट, फुटणं, धापा नुसते ऐकू येतात. कोणी कोणाला मारलं हे दाखवण्याची वेळ आली आणि चित्र काढून घेतलं! तोवर आपण ‘पाहिलेलं’ भांडण खरं घडलं तसं होतं की ऐकणाऱ्यांच्या मनातलं, हाही प्रश्न तिथेच उभा राहतो.

दुसरी जागा मुलाच्या साक्षीची. तो सांगतो की गाडीतून जाताना बाबा कुत्र्याबद्दल बोलत होते, पण खरं तर स्वतःच्या मरणाबद्दल बोलत होते. पडद्यावर बाप बोलताना दिसतो, ओठ हलतात, आणि आवाज मुलाचाच येतो. एकदम चपखल बसवलेला. आठवण आहे की मुलाने रचलेली गोष्ट? दोन्हीसाठी हेच चित्र चालेल. आणि ‘का’ म्हणाल तर गर्दी आहेच: त्याला आई हवी आहे, त्याला खरंच आठवलंय, किंवा कुठल्यातरी एका बाजूने ठरवल्याशिवाय जगता येणार नाही हे त्याला कळलंय. त्याच्या सोबतीला नेमलेली बाई त्याला जवळपास हेच सांगते.

---

टोकदार पेन्सिल

खून नसलेलं रहस्य चालेल का? मृणाल सेन यांचा ‘एक दिन अचानक’ (१९८९). डॉ. लागू प्रोफेसर आहेत. एका पावसाळी संध्याकाळी घरातून बाहेर पडतात ते परत येतच नाहीत. प्रेत नाही, चिठ्ठी नाही, कुणी बघितलेलं नाही. बायको, दोन मुली, मुलगा मागे राहतात आणि पुढे अख्खा सिनेमा ते ‘का’ शोधत राहतात. विद्यार्थिनीशी काही होतं का? घरात अपमान झाला होता का? आपण विद्वान म्हणून मिरवलो पण सामान्यच निघालो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं का? प्रत्येकाचा तर्क ऐकताना तर्क करणाऱ्याबद्दलच जास्त कळतं. बायकोचा संशय म्हणजे बायकोची जखम, मुलीचा तर्क म्हणजे मुलीचा अपराधभाव.

त्याआधीचा त्यांचाच ‘एक दिन प्रतिदिन’ (१९७९) तर याहून कडक. घरातली एकटी कमावती मुलगी रात्री घरी येत नाही. शोधाशोध, शेजाऱ्यांच्या नजरा, घरच्यांची भीती. पहाटे ती येते. कुठे होती? सिनेमा सांगत नाही. आणि लोक नेमकं तेच विचारत बाहेर पडतात! म्हणजे सिनेमातले शेजारी जे करत होते तेच. प्रेक्षकाच्या भोचकपणालाच सेननी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. (आयडीवाल्या भोचकरावांनी मनावर घेऊ नये.)

---

भोचक

घेतलंय.

पण सेनांचं मान्य. तिथे उत्तर दिलं असतं तर सिनेमा लहान झाला असता. माझा राग आहे तो ‘काशे’वर (२००५). कुणीतरी घरासमोर कॅमेरा लावून तासन्‌तास चित्रण करतंय आणि कॅसेट दारात ठेवून जातंय. कॅमेरा जिथे असायला हवा त्या जागेवरून घरचा माणूस चालत जातो, तरी त्याला दिसत नाही. ज्याच्यावर संशय आहे तो मजीद म्हणतो मी नाही, त्याचा मुलगा म्हणतो मी नाही. मग कोण? शेवटी शाळेच्या पायऱ्यांचं लांबून घेतलेलं दृश्य, श्रेयनामावली वर सरकतेय, आणि गर्दीत दोन्ही घरांची पोरं एकमेकांशी बोलताना दिसतात. ऐकू काहीच येत नाही. अर्ध्या लोकांना तर ती दिसतही नाहीत. मागची रांग, इथे कुठली गर्दी आहे कारणांची? इथे तर पात्रच नाही!

---

मागची रांग

@भोचक, कॅसेट कोण पाठवतंय हे ‘काशे’चं ‘कसं’ आहे. ‘का’ तर पहिल्या अर्ध्या तासापासून पुढ्यात आहे. त्या घराच्या मालकाने, जॉर्जने, सहा वर्षांचा असताना खोटं बोलून दुसऱ्या पोराला, मजीदला, घराबाहेर काढायला लावलं. त्या पोराचे आईबाप १९६१ च्या पॅरिसमधल्या अल्जीरियन निदर्शकांवरच्या दडपशाहीत गेले होते. पाठवणाऱ्याला एक सोडून चार वाजवी कारणं आहेत, फक्त पाठवणारा नाही. आणि सिनेमाचा रोख जॉर्जवर आहे: कॅसेट आली की तो प्रत्येक वेळी खोटं का बोलतो, बायकोशी आणि स्वतःशी? त्याचं उत्तर अवघड नाही, नको असलेलं आहे.

---

निवांत

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितो. ‘अंधाधुन’वर (२०१८) अजून कुणी कसं बोललं नाही?

आधी आंधळ्याचं सोंग घेतलेला आणि पुढे खरंच दृष्टी गेलेला पियानोवादक आकाश शेवटी मैत्रीण सोफीला सांगतो, खुनी सिमीचे डोळे मला बसवण्याचं डॉक्टर स्वामीचं म्हणणं मी ऐकलं नाही, सिमी गाडी घेऊन अंगावर आली, शिकाऱ्याने सशावर गोळी झाडली, ससा काचेवर आदळला आणि गाडी उलटली. मग तो बाहेर पडतो आणि काठीने डबा अचूक उडवतो. म्हणजे दिसतंय. म्हणजे डोळे मिळाले. म्हणजे कहाणी खोटी. इथवर सगळे पोचतात.

माझा प्रश्न सशाचा. काठीच्या मुठीवर ससा आहे, म्हणजे आकाशने समोर दिसलं ते कथेत घुसवलं असं म्हणता येतं. पण सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात शिकारी आणि ससा आपल्याला दाखवलाय, आकाश तोंड उघडण्याआधी. मग ससा खरा का खोटा?

---

खिडकीपाशी

@निवांत, दोन्ही. ससा खरा असूनही कहाणी खोटी असू शकते. पहिलं दृश्य अपघात कसा झाला ते सांगतं, पण गाडी कोण चालवत होतं आणि मागे डिकीत कोण होतं हे सांगत नाही. खोटं बोलण्याची चांगली रीत हीच की नव्वद टक्के खरं सांगायचं. आणि ‘का’ साधं आहे, सोफीसमोर त्याला चांगलं ठरायचंय. अख्ख्या सिनेमाभर तो हेच करत आलाय, आंधळा होण्याचं नाटकसुद्धा त्यातलंच.

---

उलटतपासणी

किंवा पहिलं दृश्यसुद्धा त्याच्याच कहाणीचा भाग आहे. सिनेमाने दाखवलं म्हणजे शपथेवर सांगितलं, हे तुम्ही कुठून आणलंत?

---

मांजरप्रेमी

माझा जीव ‘बर्निंग’मधल्या (२०१८) बॉइलमध्ये अडकलाय. हेमीचं मांजर. आधी ते दिसतच नाही, हेमी बाहेरगावी असताना तिचा मित्र जाँगसू रिकाम्या खोलीत त्याला खायला ठेवून येतो. ताटली रिकामी होते म्हणजे मांजर असावं. मग हेमी नाहीशी होते आणि तिच्या श्रीमंत मित्राकडे, बेनकडे, एक नवीन मांजर दिसतं. जाँगसू ‘बॉइल’ म्हणून हाक मारतो आणि ते येतं. बाथरूमच्या खणात तिचं गुलाबी घड्याळ. झालं, बेन खुनी.

पण हाक मारणाऱ्याकडे मांजरं अशीही येतात हो. पाळणाऱ्यांना विचारा. आणि तसलं गुलाबी घड्याळ दुसऱ्या मुलीच्या हातातही दिसलेलं आहे.

---

टोकदार पेन्सिल

@मांजरप्रेमी, शिवाय शेवटाच्या जरा आधी जाँगसू हेमीच्या खोलीत बसून लिहिताना दिसतो आणि कॅमेरा खिडकीतून मागे मागे सरकत बाहेर जातो. तोवर जवळजवळ सगळं आपण जाँगसूच्या सोबतीने बघितलेलं असतं. त्यानंतर पहिल्यांदाच बेन जाँगसूशिवाय दिसतो. मग खून होतो. हे घडलं की त्या होतकरू लेखकाने लिहिलं? बेनचं ‘का’ तर सोडाच, इथे जाँगसूचंच तपासायला हवं. मत्सर, गरिबीचा संताप, प्रेम, की गोष्टीला शेवट हवा होता म्हणून?

---

रिकामी रिळं

उत्तर नंतर मिळालं तर काय होतं, हे कुणी मांडलं नाही. ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) बनला तेव्हा दक्षिण कोरियातलं ते खूनसत्र उलगडलेलं नव्हतं. शेवटी नोकरी सोडलेला तो पोलीस पहिलं प्रेत जिथे सापडलं त्या नाल्यापाशी येतो. तिथली छोटी मुलगी सांगते, थोड्या दिवसांपूर्वी आणखी एक माणूस इथे वाकून बघत होता. कसा दिसायचा? साधाच. मग तो थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी थिएटरात बसलेला असेल तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडावा, हा त्यामागचा विचार दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी सांगितलेला आहे. २०१९ मध्ये डीएनएवरून खरा गुन्हेगार कळला. दुसऱ्या एका खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता.

म्हणजे ‘कोण’ सुटलं. त्यानंतर मी सिनेमा पुन्हा बघितला, आणि त्या नजरेची धार तसूभरही कमी झालेली नाही. आता ती नजर ‘तू कोण आहेस’ विचारत नाही, ‘आम्ही काय काय करून बसलो’ विचारते. कारण त्या पोलिसांनी मारझोड करून कुणाकुणाकडून कबुल्या काढल्या ते आपण दोन तास बघितलेलं असतं.

---

प्रॉम्प्टर

मग छेद देणारं उदाहरण मी देतो, धागाकर्त्यांनी मागितलंय म्हणून. ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९७५). १४ फेब्रुवारी १९००, शाळेच्या मुली सहलीला जातात, तिघी आणि एक शिक्षिका डोंगरात नाहीशा होतात. एक मुलगी काही दिवसांनी सापडते, तिला काहीच आठवत नाही. इथे ना ‘कसं’, ना ‘का’. कारणांची गर्दीबिर्दी काही नाही, नुसता डोंगर आणि ऊन. तरी सिनेमा उभा आहे. तुमचा नियम इथे बसत नाही.

---

मागची रांग

@प्रॉम्प्टर, बसतो असं मी म्हणणार नाही, पण सिनेमा कुठे बघतोय ते बघा. नाहीशा झालेल्या मुलींचे हेतू तो विचारतच नाही. तो मागे राहिलेल्यांकडे वळतो: मुख्याध्यापिका, ती पोरकी मुलगी, शोधायला निघालेले दोन तरुण. डोंगर सगळ्यांना एकेक करून फोडतो. ‘का’ आहे, ते फक्त शाळेत आहे.

तरी हे उदाहरण मी बाजूला काढून ठेवतो. यावर सावकाश लिहीन.

---

भोचक

सावकाश कशाला? उत्तर आहे की! जोन लिंडसे यांच्या मूळ कादंबरीला (१९६७) शेवटचं प्रकरण होतं, प्रकाशकांच्या सल्ल्याने ते गाळलं. बाईंच्या निधनानंतर १९८७ मध्ये ते वेगळं पुस्तक म्हणून छापलं. मी वाचलंय. करार म्हणजे करार.

त्यात मुली कॉर्सेट काढून कड्यावरून भिरकावतात आणि ती खाली पडतच नाहीत, हवेत तशीच थांबतात, सावलीसुद्धा नाही. मग अवकाशातच एक भोक दिसतं आणि त्यातून एकेक जण आत सरपटत जाते.

तर ‘कुठे गेल्या’चं उत्तर मिळालं. आता कॉर्सेट हवेत का थांबली, यावर कुणीतरी नवीन धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देतो.